छायांकित भागाचे क्षेत्रफळ

वर्तुळाचं क्षेत्रफळ मी रागानं शिकले. आमच्या दहावीच्या वर्गात साठ मुली होत्या. सगळ्यांनी ‘पाय आर वर्ग’ पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि निकाल लागायच्या आत विसरूनही गेल्या. मला ते विसरता आलं नाही. आज मी कॉलेजात गणित शिकवते, आणि कुणी ‘सगळ्यांना सारखंच दिलंय’ असं म्हणालं की माझं डोकं अजून फिरतं. सहकारी म्हणतात, मॅडम, तुम्ही फार लवकर चिडता. चिडते. त्याला कारण सात फूट रुंदीची एक सिमेंटची टाकी आहे.

ती टाकी आमच्या गल्लीत होती. शहर तेव्हा पैठण रोडच्या दोन्ही अंगांनी वाढत सुटलं होतं. शेतं मोडून गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट पडत होते. कागदपत्रं नंतर होतील म्हणून लोकांनी घरं बांधली, आणि पाण्याची लाइनही नंतरच येणार होती. त्यात पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली आणि धरण तळाला गेलं. शहरातले नळवाले आठ दिवसांतून एकदा पाणी येतं म्हणून बोंब मारत होते. आम्हाला नळच नव्हते, त्यामुळे तीही सोय नव्हती. एक दिवसाआड सकाळी आठच्या सुमारास टँकर यायचा. वडील चितेगावच्या एका कंपनीत पाळ्यांवर होते. पाणी हे आईचं आणि माझं काम होतं.

वस्तीत दोन गल्ल्या होत्या. पुढची रस्त्याला लागून, कारकून आणि मास्तर लोकांची. मागची आमची, विहाराकडं जाणारी, निळ्या झेंड्याची. भांडण असं काही नव्हतं. दिवाळीला त्यांचा फराळ आमच्याकडं यायचा, जयंतीला आमची खीर त्यांच्याकडं जायची. फक्त पुढच्या गल्लीतल्या बायका आमच्या घरी आल्या की पाणी प्यायच्या नाहीत. ते त्या इतक्या गोडीनं टाळायच्या की आपल्यालाच वाटावं, यांना तहान नसेल.

दोन्ही गल्ल्यांत अठ्ठावीस-अठ्ठावीस घरं. पुढच्या गल्लीत विटांचा चौकोनी हौद होता, सात फूट बाय सात. आमच्यासाठी बांधायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना घाई झाली होती, म्हणून विहिरीत सोडतात त्या सिमेंटच्या गोल रिंगा आणल्या, एकावर एक चढवल्या, खाली तोटी बसवली, वर पत्र्याचं झाकण घातलं आणि दोन्हींना एकाच किल्लीचं कुलूप लावलं. रुंदी तिचीही सात फूट. टँकर आधी पुढचा हौद भरायचा, मग आमची टाकी, आणि उरलेलं पाणी नेऊन हायवेवरच्या एका ढाब्यावर ओतायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

वाटणी सारखी व्हावी म्हणून पुढच्या गल्लीतल्या काकांनी एक काठी केली होती. काका म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. सागाची सरळ पट्टी, तिच्यावर दोन फुटांना तांबड्या रंगाची खूण. टँकर आला की काका स्वतः काठी हौदात उभी धरायचे, खुणेला पाणी लागलं की हात वर करायचे. मग तीच काठी घेऊन आमच्या गल्लीत यायचे, टाकीत धरायचे, त्याच खुणेला हात वर. एक थेंब इकडं नाही, एक थेंब तिकडं नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. काका वाईट माणूस नव्हते. हे मी आज म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते.

पुढच्या गल्लीत तोटीला नळी लावून दर घरी अर्धा ड्रम पाणी जायचं. आमच्याकडं हंड्यानं. अर्धा ड्रम म्हणजे साधारण सात हंडे, म्हणून घराला सात हंडे ठरले. टाकीची किल्ली गल्लीनं आईकडं दिली होती, कारण तिचा आवाज मोठा होता आणि ती कुणाच्या भिडेला पडत नसे. शाळा तिची चौथी. ती टाकीशेजारच्या ओट्यावर चिंचोके मांडून बसायची, एका घराचे सात झाले की पुढचं घर. आमच्या घराचा नंबर तिनं स्वतःच शेवटी ठेवला होता.

पहिल्याच दिवशी बावीस घरं झाली आणि तोटी खरखरून थांबली. सहा घरं कोरडी राहिली, त्यात आमचं एक. टँकरवाल्यानं कमी ओतलं असेल म्हणून पुढच्या वेळी सगळे काठीकडं डोळे लावून उभे राहिले. पाणी खुणेला लागलं, काकांचा हात वर गेला, आणि तरी बावीस घरांनंतर तोटी थांबली. पुढच्या गल्लीत त्याच खुणेला अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घरं होत होती. आईनं मग क्रम बदलून पाहिला, म्हणजे दर वेळी वेगळी सहा घरं राहावीत. त्यानं सहाऐवजी अठ्ठावीस घरं नाराज झाली. एकदा तिनं सगळ्यांना पाच-पाचच दिले, तर लोक म्हणाले, पुढं सात आणि आपल्याला पाच का?

पुढच्या गल्लीनं याचं उत्तर लगेच काढलं. ही माणसं उधळी, यांच्याकडं पाहुणे फार, यांना पाणी जपता येत नाही. ते ऐकून मी जळायचे, पण खरा घाव आमच्याच गल्लीतून बसला. पाणी दोन्हीकडं सारखंच येतं, त्यांना पुरतं आणि आपल्याला नाही, तर मधले चाळीसेक हंडे जातात कुठं? किल्ली कुणाकडं आहे? आमच्या शेजारच्या मावशी, ज्यांच्या मांडीवर मी वाढले, त्यांनी आईशी बोलणं टाकलं. एकदा त्या आमच्या घरात कारण नसताना आल्या आणि मोरीकडं, पलंगाखाली नजर फिरवून गेल्या. आईनं ते पाहिलं.

आता जे लिहिते ते लिहायला मला लाज वाटते. शंका मलाही आली होती. आई तसली नाही हे मला माहीत होतं, पण चाळीस हंडे पाणी जातं कुठं याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि उत्तर नसलं की माणूस जवळच्या माणसाकडंच बघतो. मी खिडकीत बसून, अभ्यासाचं निमित्त करून, वहीच्या मागच्या पानावर आईच्या हंड्यांच्या रेघा मारायला लागले. पहिल्या दिवशी एकशे त्रेपन्न. दुसऱ्यांदा एकशे बावन्न. तिसऱ्यांदा पुन्हा एकशे त्रेपन्न. चोर असती तर आकडा इतका सारखा आला नसता, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. मला वाटलं, मी उठायच्या आधी काही होत असेल.

माझी शाळा औरंगपुऱ्यात होती. वर्तुळाचा धडा चालू होता आणि सरांनी फळ्यावर एक उदाहरण काढलं. चौरसाची बाजू चौदा, त्यात चारही बाजूंना टेकणारं वर्तुळ, छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा. पुस्तकातल्या वर्तुळांचा व्यास नेहमी सात किंवा चौदाच असतो, म्हणजे बावीस सप्तमांशानं हिशेब सुटसुटीत होतो. सरांनी खडू आडवा धरून चार कोपरे रंगवले. मुली खाली माना घालून आकडेमोड करायला लागल्या. मी त्या चार कोपऱ्यांकडं बघत राहिले. सरांनी विचारलं, झालं का उत्तर? मी म्हणाले, सर, यात पाणी भरलं तर? ते म्हणाले, पाण्याचं पुढच्या धड्यात आहे, आत्ता हे कर.

दर आठवड्याला टाकी आतून घासायची असायची. त्या दिवशी मी आईला म्हणाले, मी उतरते. आत उतरून मी घासणी बाजूला ठेवली आणि आईच्या शिवणाचा टेप काढला. टेप पाच फुटांचा, म्हणून मध्ये कोळशानं खूण करून दोनदा मोजावं लागलं. चार वेगवेगळ्या दिशांनी मोजलं. सात फूट, सात फूट, सात फूट आणि एकदा सात फुटाला अर्धा इंच कमी. पुस्तक लिहिणारे आमच्या गल्लीत येऊन गेले होते की काय, असं वाटावं. मग पुढच्या गल्लीत जाऊन हौद बाहेरून मोजला आणि भिंतीची जाडी वजा केली. एका बाईंनी वरून विचारलं, काय मोजतेस गं? तुमचे कोपरे, असं म्हणून मी निघून आले. त्यांना काही कळलं नाही, आणि मला फार बरं वाटलं.

हिशेब इतका साधा होता की मला रडू आलं. हौदाचा तळ सात गुणिले सात, एकोणपन्नास चौरस फूट. टाकीची त्रिज्या साडेतीन, म्हणून तिचा तळ साडेअडतीस. दोन फूट पाणी भरलं की त्यांच्याकडं अठ्ठ्याण्णव घनफूट आणि आमच्याकडं सत्त्याहत्तर. एका घनफुटात आमच्या मापाचे दोन हंडे बसतात, ते मी बादलीनं करून पाहिलं. म्हणजे त्यांना एकशे शहाण्णव हंडे आणि आम्हाला एकशे चोपन्न. एकशे शहाण्णव भागिले सात, अठ्ठावीस घरं. एकशे चोपन्न भागिले सात, बावीस. आमच्या सहा घरांचं पाणी कोपऱ्यांत होतं, आणि गोल टाकीला कोपरे नसतात.

आई भाकरी करत होती. मी तिला आकडे सांगितले, ते तिच्या डोक्यावरून गेले. मग मी भाकरीएवढं रुंद चौकोनी फडकं पसरलं आणि त्यावर भाकरी ठेवली. रुंदी दोघांची एकच, आणि चारही कोपऱ्यांना फडक्याची टोकं बाहेर. आईनं तव्यावरची भाकरी करपू दिली. एक-एक टोक तिनं बोटानं चाचपून पाहिलं आणि म्हणाली, “म्हंजी आपलं कमीच भरतंय. रोजच.” मी व्हय म्हणाले. तिनं करपलेली भाकरी उतरवली आणि म्हणाली, “त्या काकाला भाकरीवर नाय कळायचं. कागदावर काढ.”

रविवारी पुढच्या हौदापाशी बैठक होती, विषय एकच. दोन्ही गल्ल्या जमल्या. काकांनी शांतपणे सांगितलं की माप दोन्हीकडं एकाच काठीनं होतं, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, तेव्हा तूट मापात नाही. छडा लागेपर्यंत किल्ली समितीकडं राहील. चोर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, त्याची गरजच नव्हती. आमच्या गल्लीतून कुणी तोंड उघडलं नाही. आईनं कमरेची किल्ली सोडली आणि पुढं केली. काकांनी हात पुढं केला नाही. हौदाच्या कठड्याकडं बोट दाखवून म्हणाले, तिथं ठेवा.

मी उठले. वडिलांनी माझा दुपट्टा धरून खाली ओढलं, पोरीनं असं चारचौघांत बोलू नये, निदान पाण्यावरून तरी बोलू नये, असं त्यांचं मत होतं. मी दुपट्टा त्यांच्या हातात सोडला आणि पुढं गेले. खडूनं जमिनीवर चौकोन काढला, आत वर्तुळ काढलं, कोपरे रंगवले. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, उलट गोल भांड्याचं पोट मोठं असतं, घागर बघा. काका म्हणाले, बाळ, शाळेतलं गणित परीक्षेत लिही, इथं काठी एक आहे आणि खूणही एक आहे.

“काठी उंची मोजते, काका. कोपरे मोजत नाही,” मी म्हणाले. “उद्या टँकर आहे. किल्ली तुमच्या खिशात, माप तुमचं, हंडे तुम्हीच मोजा. एकशे चोपन्न निघतील. एकशे शहाण्णव निघाले तर माझी आई चोर.”

हे शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर मी खाली बसून हातांचा खडू पुसत राहिले. आईकडं बघायची हिंमत मला झाली नाही. माझा स्वभाव असा, की भांडायला लागले की पणाला काय लावतेय ते नंतर कळतं. कुठं अर्धा इंच चुकला असेल, हंड्याचं माप चुकलं असेल, त्या विचारांत मला झोप लागली नाही.

सोमवारी काका प्लास्टिकची खुर्ची घेऊन आमच्या टाकीपाशी बसले. मांडीवर वही, खिशात किल्ली. दोन्ही गल्ल्यांतली माणसं कामावर जायची थांबली होती. आई लांब आमच्या उंबऱ्यात बसली, हात बांधून, तोटीकडं पाठ करून. एक-एक हंडा काका मोठ्यानं मोजत होते. शंभर झाले. सव्वाशे झाले. एकशे चाळीसनंतर मावशी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि ओठांतल्या ओठांत त्याही मोजायला लागल्या. एकशे बावन्नला तोटी खरखरली आणि थांबली. सहा घरं राहिली होती.

काका म्हणाले, दोन कमी आहेत. मी म्हणाले, ते तोटीच्या खाली राहतात, हात घालून बघा. बेचाळीस हंड्यांकडं ज्यांनी दोन महिने डोळेझाक केली त्यांना दोन हंडे बरोबर दिसले, याचं मला आजही हसू येतं. पण मग त्यांनी माझी वही मागितली. खुर्चीवर बसून, चष्मा वर करून, स्वतःच्या पेनानं सगळं उदाहरण त्यांनी पहिल्यापासून सोडवलं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, चूक माझी आहे. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की माझा राग क्षणभर पातळ झाला.

नवी खूण मीच काढून दिली, दोन फूट साडेसहा इंच. पुढच्या गल्लीचा एक थेंब त्यात कमी होणार नव्हता, कमी होणार होतं ते ढाब्याचं. तरी लोकांनी विचारलंच, यांची खूण आपल्यापेक्षा वर का म्हणून? दोन महिने सारखी खूण त्यांना न्याय वाटत होती, आणि आता पाणी सारखं झालं तर तो अन्याय वाटला. काका त्यांच्याशी वाद घालत होते हे मी ऐकलं. ते त्यांना वर्तुळ समजावून सांगत होते.

संध्याकाळी काका किल्ली घेऊन आमच्या दारात आले. झालं गेलं विसरून जा म्हणाले. वडील लगबगीनं उठले. आई उठली नाही. “घेतली तिथंच द्या,” ती म्हणाली. “आन् कठड्यावर ठिवू नका. हातात द्या.”

पुढच्या रविवारपर्यंत किल्ली काकांकडंच राहिली. टाकी उघडायला दर टँकरला त्यांना आमच्या गल्लीत यावं लागलं आणि ते येत राहिले. रविवारी हौदापाशी सगळ्यांसमोर त्यांनी चूक सांगितली, नवी खूण मंजूर करून घेतली, पुढं झाले आणि आईच्या तळहातावर किल्ली ठेवली. आईनं ती कमरेला खोचली आणि एका शब्दानं आभार मानले नाहीत.

त्यानंतरच्या टँकरला काठी माझ्या हातात होती. जुन्या खुणेला पाणी लागलं तसा टँकरवाला कॉक बंद करायला लागला. “निशान तो आ गया, अब क्या नदी मंगते?” मी काठी हलवली नाही. अजून साडेसहा इंच, म्हणाले. तो कुरकुरला, काकांकडं पाहिलं. काकांनी मान हलवली, आणि पाणी टाकीत चढत गेलं.

त्या दिवशी सत्तावीस घरं सात-सात हंडे घेऊन गेली. मावशींनी आपले सात नेले आणि आमच्या घराचे भरू लागायला परत आल्या. आईनं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. पहिला हंडा तिनं स्वतः भरला, पण घरात नेला नाही. ओट्यावर चिंचोक्यांसमोर मी बसले होते, तिथं आणून माझ्या पुढ्यात ठेवला.

“मोज,” ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करते. मी हसले. ती हसली नाही. खिडकीत बसून मी मारलेल्या रेघा तिनं पहिल्या दिवसापासून पाहिल्या होत्या, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. सगळी गल्ली उभी होती. ती हंड्याला हात लावून तशीच वाकून उभी राहिली, मी ‘एक’ म्हणेपर्यंत. मग तो आत नेला आणि दुसरा भरून आणला.